मोठ्या कुटुंबाची मोटार : दिल्लीत आसनांआधी इंधन

घरात माणसे वाढली की पाच आसनांची मोटार अपुरी पडते. पुण्यात घडलेल्या टाटा सुमोने १९९४ पासून अनेक कुटुंबांची ही अडचण दूर केली. पुढे क्वालिस, इनोव्हा व अर्टिगा आल्या.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मात्र आसनांआधी इंधनाचा विचार करावा लागतो. दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये येथे मनाई केली. पेट्रोल वाहनांसाठी ही मर्यादा पंधरा वर्षांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे निर्बंध कायम ठेवले. त्यापूर्वी, डिसेंबर २०१५ मध्ये, न्यायालयाने २००० घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणीच थांबवली होती. महिंद्राने तेव्हा स्कॉर्पिओला किंचित लहान इंजिन बसवून वाट काढली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित शुल्क लावून ही बंदी उठवण्यात आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने जुन्या वाहनांच्या मालकांना कारवाईपासून संरक्षण दिले. डिसेंबरमध्ये ते भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. म्हणून जुनी सात आसनी मोटार कितीही स्वस्त मिळाली, तरी नोंदणीपत्रातील उत्सर्जन मानक पाहिल्याविना विसार देऊ नये.

तिसरी रांग उघडली की अनेक मोटारींत सामानाला जागा उरत नाही. ज्येष्ठांना तेथे चढता येते का आणि मागील प्रत्येक आसनाला सुरक्षा पट्टा आहे का, हे कुटुंबाला प्रत्यक्ष बसवूनच पाहावे.