ऋणाची मुदत

गेल्या उन्हाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला होता. अहेरीकडचा मुलगा; बँकेचें कर्ज काढून शिकला, नोकरी लागली, ती सुटली, आणि त्यांतच क्रेडिट कार्डाचेंही देणें अंगावर आलें. दोन्हींकडे शेवटचा पैसा भरल्यास चार वर्षें होऊन गेलीं होतीं. वसुलीचा माणूस रोज फोन करून म्हणे, "पैसे नसले तर नसोत, 'हें देणें मी फेडीन' एवढें लिहून सही करून द्या." मुलानें विचारलें, "सर, देऊं काय लिहून?" आम्ही इतिहास शिकवितों, वकिली करीत नाहीं. पण या दोन ओळींच्या कागदामागें मोठा इतिहास आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ऋणाला काळाची मर्यादा घातली नाहीं. बापाचें देणें पुत्रपौत्रांनीं फेडावें हें धर्मकर्तव्यच मानलें जाई; हिंदु वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें तें बंधन पुढील कर्जांपुरतें काढून टाकलें. शास्त्रानें मर्यादा घातली ती व्याजाला: एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये. हाच आपला दामदुपटीचा नियम. इंग्रजांनीं उलट केलें. व्याज मोकळें सोडलें आणि घड्याळ आणून बसविलें.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत ठरविली. हेतु वाईट नव्हता. साक्षीदार मरतात, कागद वाळवी खाते, जुना दावा खोटा पाडणें ऋणकोला अशक्य होतें. पण दख्खनच्या सावकारानें यांतून निराळीच वाट काढली. मुदत संपत आली कीं तो कुणब्याला बोलावी, थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी आणि नव्या रोख्यावर नांगराची निशाणी करवून घेई. कुणब्याच्या रक्षणाकरितां केलेल्या कायद्यानेंच त्याचें कर्ज चक्रवाढीनें वाढूं लागलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला तेव्हां लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या रोख्यांवर होता. चौकशी कमिशननें ही नवेपणाची युक्ति नमूद केली, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें मुदत उलट वाढविली: नोंदलेल्या रोख्यास बारा वर्षें, इतर कर्जास सहा. ऋणकोवर दया करण्यासाठीं धनकोला सवड द्यावी लागली!

आमच्या चांद्याकडची गोष्ट थोडी वेगळी. नागपूरचें राज्य १८५४ त खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजीं अमलाखालीं आला. वैनगंगेच्या खोऱ्यांत गरिबाचें कर्ज बहुधा धान्याचें असे: पेरणीला धान न्यावें, पीक आल्यावर सवाईनें किंवा दिढीनें परत करावें. जें कर्ज खळ्यावरच मोजून वसूल होतें त्याला कोर्टाची मुदत काय करणार? या प्रांतांत खरा फरक १९३३ च्या कर्जतडजोड कायद्यानें केला. मंडळानें सांगितलेल्या मुदतीत धनकोनें आपल्या येण्याचें विवरण दिलें नाहीं तर तें कर्ज फिटलें असें समजावें, अशी त्यांत तरतूद होती. येथें दावाच नव्हे, ऋणच मरे.

आजचा १९६३ चा कायदा इतका पुढें जात नाहीं. साध्या कर्जाला तीन वर्षें, स्थावर गहाणाला बारा. मुदत टळलेला दावा, प्रतिवादीनें हरकत घेतली नाहीं तरी, कोर्टानें काढून टाकावा. पण देणें नाहींसें होत नाहीं, एवढेंच कीं कोर्टाचा दरवाजा बंद होतो. मुदतीच्या आंत सहीची कबुली दिली किंवा सहीनिशीं कांहीं रक्कम भरली, तर घड्याळ पुन्हां पहिल्यापासून चालूं लागतें. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीनें तें चालत नाहीं. मात्र "फेडीन" असें लिहून सही केली, तर १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें तो नवा करार होतो. सुप्याच्या सावकारालाही याहून अधिक कांहीं नको होतें.

हें सर्व त्याला सांगितलें. मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजावयाची तें करारनामा दाखवून वकिलाला विचार, असेंही म्हटलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शिक्षणाचें तरी मी देणार आहें, सर. बाबांनीं जामीन म्हणून सही केली होती." आम्ही म्हटलें, "अवश्य दे. हातीं पैसा येईल तेव्हां दे, पावती घे. पण आज भिऊन लिहून देऊं नको."

त्यानें कागदाची घडी खिशांत घातली, चहा घेतला आणि पांचची एस. टी. गांठायला निघून गेला.