रिकामा न्हवे, वाहता रस्ता

जुन्या शहरांचे फोटो पाहून ‘तेव्हा किती शांतता होती!’ असं आपण म्हणतो. मी मात्र आधी विचारतो, एक्सपोजर किती होतं? १८३८ साली लुई दागेरनं पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. प्लेटवर कित्येक मिनिटं प्रकाश पडत राहिला. माणसं, घोडागाड्या पुढे सरकत होत्या. त्यांचा ठसा उमटलाच नाही. उरला तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी अस्पष्टसा पॉलिशवाला. १८५१मध्ये आर्चरची ओल्या कलोडियनची पद्धत आली, तेव्हा एक्सपोजर सेकंदांवर आलं. म्हणजे फोटो हा पुरावा खरा, पण थांबलेल्यांचा. जे चालत राहिले, ते तिथे नव्हतेच असं समजू नका.