उतरती कळा आणि राक्षसभुवन

घसरणीला इंग्रजीत ‘डिक्लाइन’ म्हणतात. लॅटिनमधून आलेल्या या शब्दात खाली झुकण्याचा अर्थ आहे. गिबनने 1776 पासून रोमचा इतिहास छापायला घेतला, तेव्हा शीर्षकात त्याला ‘फॉल’ जोडला. आधी उतार, मग पडणं. पुढे कुठल्याही राज्याचा इतिहास आपण याच उतारावरून बघायला लागलो.

आपला शब्द वेगळा आहे: उतरती कळा. कळा चंद्राच्या. वद्य पक्षात उतरतात, शुद्ध पक्षात पुन्हा चढतात.

14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. 1763 मध्ये निजामअलीने पुणं लुटलं, जाळलं. मराठ्यांचं संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्याच वर्षी 10 ऑगस्टला, आपल्या गेवराई तालुक्यात काय झालं? गोदावरीला पूर. निजाम पलीकडच्या काठावर, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राक्षसभुवनला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी नेमकं तेव्हाच गाठलं. विठ्ठल सुंदर मारला गेला, निजामाला तह करावा लागला.

‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार झाला. ‘राक्षसभुवन होणे’ असं मात्र बीडमध्येसुद्धा कुणी म्हणत नाही. पराभव भाषेत राहिला, सावरणं राहिलं नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. चंद्राची कळा आपोआप चढते. मुलखाची माणसांनाच चढवावी लागते. आपला जिल्हा दुष्काळी, मागास म्हणताना एवढं आठवा.