आजीचं कापड, माझं पॅड

आजच्या इतिहासात राजा नाही, लढाई नाही. आज बोलूया पाळीबद्दल. मुलांनो, तुम्हीही ऐका.

माझी आजी जामखेड तालुक्यातली. ‘कावळा शिवला’ म्हणत चार दिवस बाजूला बसायची. जुन्या लुगड्याच्या घड्या धुऊन गोठ्यात वाळत घालायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. आता बघा, कापड वाईट नव्हतंच. ऊन न मिळालेलं, ओलसर कापड वाईट. त्यानेच खाज सुटते, इन्फेक्शन होतं.

पॅडची गोष्ट पहिल्या महायुद्धातली. जखमेवर बांधायला लाकडाच्या लगद्यापासून केलेलं, कापसापेक्षा जास्त शोषणारं साहित्य नर्सनी पाळीतही वापरलं. १९२० मध्ये अमेरिकेत त्याचंच ‘कोटेक्स’ झालं. कपही नवा नाही बरं का! लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

इकडे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना, अगदी निरक्षर बायकांनाही, आरोग्यसेविका केलं. डॉक्टरपुढे न निघणारा विषय शेजारच्या मावशीपुढे सहज निघतो ना, तसंच.

२०१८ च्या महिला दिनी राज्यात ‘अस्मिता योजना’ आली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना तेव्हा आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत होतं, तेही बचत गटांमार्फत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही हटला.

पण मी आठवीत होते तेव्हा शाळेत पॅड बदलायला जागाच नव्हती. एकच पॅड दिवसभर. मांड्या सोलवटल्या, तरी आईला सांगितलं नाही. म्हणजे वस्तू बदलली, लपवणं तेच राहिलं.

म्हणून निवडताना आधी पाणी, संडास आणि पैसे यांचा विचार करा. पॅड चार ते सहा तासांनी बदला, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, संडासात नको. कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त नको. कप बारा तासांच्या आत रिकामा करा, प्रत्येक पाळीआधी उकळून घ्या. हात आधीही धुवा, नंतरही. ताप, दुर्गंधी किंवा खूप दुखणं असेल, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना गाठा.

आजीला दोरीवरचं ऊन मिळालं नाही. तुम्ही मात्र कापड उन्हात घाला, अन् विषयही. भेटू पुढच्या भागात!