असत्यशोधन चाचणी

असत्यशोधन चाचणी : प्रश्नांची उत्तरे देताना व्यक्तीचे श्वसन, नाडी, रक्तदाब व त्वचेचा विद्युत् रोध यांत होणाऱ्या बदलांचा एकत्रित आलेख काढून, ती खरे बोलत आहे किंवा नाही, याविषयी अनुमान बांधण्याची पद्धती. आलेख काढणाऱ्या यंत्रास ‘पॉलिग्राफ’ म्हणतात. ‘लाय डिटेक्टर’ या त्याच्या लोकप्रिय नावामुळे यंत्रच खोटे पकडते, असा समज पसरला. वस्तुतः केवळ असत्यकथनाचीच म्हणता येईल अशी शारीरिक खूण अद्याप सापडलेली नाही. यंत्र क्षोभ नोंदविते. त्याचे कारण मात्र परीक्षक ठरवितो.

ही कल्पना यंत्राहून पुष्कळ जुनी आहे. धर्मशास्त्रात चोरीच्या आरोपासाठी तंडुल-दिव्य सांगितले आहे. संशयिताने मंत्रित तांदूळ चावून थुंकावयाचे. त्यात रक्त दिसले किंवा त्याचे अंग कापू लागले, तर तो दोषी. भीतीने तोंडास कोरड पडते, हे शरीरविज्ञान त्यामागे असावे. मात्र निरपराध मनुष्यही भितो, ही या दिव्यातील अडचण पुढे यंत्रालाही सुटली नाही.

इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो याने १८९५ च्या सुमारास संशयितांच्या नाडीतील बदल मोजण्याचा प्रयोग केला. अमेरिकेत विल्यम मार्स्टन याने १९१५ च्या सुमारास रक्तदाबावर आधारलेली कसोटी मांडली. (‘वंडर वूमन’ या चित्रकथेतील नायिका व तिचा सत्य वदविणारा दोर ही पुढे याच मार्स्टनची निर्मिती.) तथापि पोलिसी तपासात यंत्र रुळले ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे. तेथील पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर याला मारहाण करून जबाब घेण्याची तत्कालीन रीत मोडावयाची होती. त्याच्या प्रोत्साहनाने, शरीरक्रियाविज्ञानाची डॉक्टरेट मिळविलेला पोलीस जॉन लार्सन याने १९२१ मध्ये रक्तदाब व श्वसन यांची सलग नोंद करणारे यंत्र जुळविले आणि विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहातील चोऱ्यांच्या तपासात वापरले. जिच्या आलेखात गडबड दिसली, त्या विद्यार्थिनीने पुढे चोरी कबूल केली. लार्सनला मात्र यंत्राविषयी उत्तरोत्तर शंका वाटू लागल्या.

त्याचा सहकारी लेनार्ड कीलर याला तशा शंका नव्हत्या. त्याने यंत्र सुटसुटीत केले, १९३१ मध्ये पेटंट मिळविले व शिकागोत त्याचा व्यावसायिक प्रसार केला. परीक्षेच्या प्रारंभी संशयिताला पत्त्यांतील एक पान मनात धरावयास सांगावयाचे व आलेखावरून ते ओळखून दाखवावयाचे, ही युक्ती तेव्हापासून प्रसिद्ध आहे. काही परीक्षक त्यासाठी पाने आधीच ठरवून ठेवीत. यंत्रापुढे लपवाछपवी चालत नाही, अशी संशयिताची खात्री पटली, की पुष्कळदा आलेख वाचण्यापूर्वीच कबुली मिळे. पोलिसांच्या दृष्टीने यंत्राची उपयुक्तता मुख्यतः येथेच होती.

न्यायालयांनी प्रारंभापासून अंतर राखले. ‘फ्राय विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात खुनाच्या आरोपीची कसोटी मार्स्टनने घेतली होती व निष्कर्ष आरोपीच्या बाजूचा होता. संबंधित विज्ञानशाखेत सर्वसाधारण मान्यता मिळालेली नसल्याने ही कसोटी पुरावा म्हणून घेता येणार नाही, असे अपील न्यायालयाने १९२३ मध्ये ठरविले. हाच नियम पुढे इतर वैज्ञानिक पुराव्यांनाही लागू झाला.

जॉन रीड याने १९४७ मध्ये तुलनात्मक प्रश्नांची पद्धती मांडली. ‘दुसऱ्याची वस्तू कधी घेतली होती काय?’ अशा मोघम प्रश्नाने निरपराध्यास, तर प्रत्यक्ष गुन्ह्याविषयीच्या प्रश्नाने अपराध्यास अधिक क्षोभ होईल, हे तिचे गृहीतक. खुनाचा आळ आलेला निर्दोष मनुष्य खुनाच्या प्रश्नानेच अधिक हादरेल, ही उघड शक्यता त्यात दुर्लक्षिली जाते. गुन्ह्याचा जो तपशील केवळ अपराध्यासच ठाऊक असेल, तो ओळखल्याची खूण शोधावी, ही डेव्हिड लिकेन याने १९५९ मध्ये सुचविलेली पद्धती अधिक सयुक्तिक होय. जपानी पोलिसांनी या तत्त्वाचा अवलंब केला. अमेरिकेत ते मागे पडले.

चूक दोन्ही दिशांनी होते. कनेक्टिकट राज्यात १९७३ मध्ये आईच्या खुनाबद्दल पकडलेल्या अठरा वर्षांच्या मुलास, तू खोटे बोलतोस असे यंत्र सांगते, म्हणून पटविण्यात आले. प्रदीर्घ चौकशीअंती त्याचा स्वतःच्याच स्मृतीवरील विश्वास उडाला व त्याने कबुलीजबाबावर सही केली. झालेली शिक्षा १९७६ मध्ये रद्द होऊन तो निर्दोष सुटला. उलट, सिअ‍ॅटल परिसरातील ‘ग्रीन रिव्हर’ हत्याकांडाचा सूत्रधार १९८४ मध्ये या चाचणीत उत्तीर्ण झाला होता. डीएनए पुराव्यामुळे २००१ मध्ये अटक झाल्यानंतर त्याने ४८ खून कबूल केले. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने खाजगी मालकांना कामगारांची अशी चाचणी घेण्यास बहुतांशी मनाई केली; शासन व पोलीस यांना ती लागू केली नाही.

भारतात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संमतीवाचून चाचणी नको, संमती दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी व संशयितास वकिलाचे साहाय्य मिळावे, ही त्यांतील प्रमुख होत. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने बनावट मुद्रांक प्रकरणात २००४ मध्ये वेगळी भूमिका घेतली. अशा चाचणीत आरोपीचे ‘निवेदन’ नसते, म्हणून सक्तीनेही ती घेता येईल, असा तिचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी ती अमान्य केली. शब्द उच्चारला नाही, तरी शरीराच्या प्रतिसादातून मनुष्याचे खाजगी ज्ञानच काढून घेतले जाते. म्हणून सक्तीची चाचणी संविधानाच्या अनुच्छेद २० (३) व २१ यांचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरत नाही, कारण प्रतिसादांवर व्यक्तीचा ताबा नसतो; मात्र तिच्या साहाय्याने पुढे सापडलेली वस्तू वा माहिती पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३) ग्राह्य धरता येते. कोठडीतील व्यक्तीची संमती कितपत स्वेच्छेची असते, हा प्रश्न त्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविला गेला आहे. नकाराचा अर्थ अपराधाची खूण असा लावण्याची प्रवृत्ती तपासात व वृत्तपत्रांतही आढळते. कायद्यात तिला आधार नाही.