मे महिन्यातला आवाज

ठाकुरद्वारच्या आमच्या आजोळच्या चाळीत गणेशोत्सव मंडळाचा आहुजाचा अॅम्प्लिफायर होता. वर्षातले दहा दिवस तो गणपतीपुढे आरत्या गायचा आणि बाकीचं वर्ष मामाच्या खोलीतल्या माळ्यावर पडून असायचा. खजिनदार गावाला गेले की मामा आणि त्याचे तीन मित्र तो खाली काढत, गच्चीवर नेत आणि त्याला गिटार जोडत. १९७० च्या आसपासची ही गोष्ट. मी ती आधी आजीकडून तक्रार म्हणून ऐकली आणि पुष्कळ वर्षांनी मामाकडून. "तो डबा लावला की माझं दूध नासायचं," असं आजी शेवटपर्यंत म्हणायची.

डबा म्हणजे तिचाच पितळी मिसळणाचा डबा. मामा लॅमिंग्टन रोडला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. परदेशी वाद्यांवर आयातीची बंधनं. गिटारची तार तुटली तर जहाजावरचा कुणी ओळखीचा मुंबईत उतरेपर्यंत पाच तारांवर भागवायचं. मग हेंड्रिक्सच्या गिटारचा तो 'फझ' आवाज आणायचा कुठून? मामानं तो घरी, त्या डब्यात केला. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १२८ जातीचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी. गिटारच्या तारेतून येणारी लाट गोलसर असते. ट्रान्झिस्टर तिला इतकी फुगवतो की तिचा माथा आणि तळ छाटला जातो. लाट चौकोनी होते आणि मोहोळ उठल्यासारखा खरखरीत सूर बाहेर पडतो. पण जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापलं की आतली गळती वाढते, सूर भरकटतो, फाटतो. "मे महिन्यात डबा वेगळंच बोलायचा," मामा सांगायचा, "आणि खरं सांगू, मला तोच आवाज आवडायचा."

मामाचा बँड कुठेच पोचला नाही. त्याला नावसुद्धा नव्हतं. पण त्यानं जे ऐकलं ते ऐकणारी पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे, म्हणून मी त्याच्याकडून सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

सिगारेटच्या एका ब्रँडच्या नावानं तेव्हा 'सिमला बीट' स्पर्धा व्हायच्या. देशभरातून पोरं यायची; शिलाँगची फेनटोन्स, मद्रासची कन्फ्यूजन्स. अंतिम फेरी किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात. ज्या रंगमंचावर मोठमोठ्या गवयांच्या मैफली होत, तिथे खांद्यापर्यंत केस वाढवलेली ही मुलं. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या. त्या काळी त्या फारशा कुणी जपल्या नाहीत. आज जगभरातले संग्राहक त्यांच्या मागे आहेत.

१९७१ मध्ये मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा महोत्सव झाला. कार्ला-भाजे लेण्यांच्या पायथ्याचं हे छोटं स्टेशन. मामा आजीला "भाजे लेणी बघायला जातो" असं सांगून गेला. लेणी त्यानं पाहिली नाहीत. उघड्या माळावर झोपून रात्रभर गिटार ऐकली. परत आला तो तापानं फणफणलेला, आणि आजीनं चार दिवस पेज भरवत त्याचे केस कापायचा धोशा लावला. मग एक दिवस तिला कुणीतरी सांगितलं, की या इंग्रजी गाणाऱ्या पोरांत आत्माराम भेंड्यांचा मुलगाही आहे. भेंड्यांचे फार्स आजीनं पाहिलेले. ती थोडी निवळली. हा मुलगा म्हणजे नंदू भेंडे; ते तेव्हा 'वेल्व्हेट फॉग' या बँडमध्ये गायचे. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते ज्यूडास झाले आणि पुढे पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'तही दिसले. एकाच गळ्यात रॉक आणि मराठी रंगभूमी दोन्ही नांदत होती, याचा मामाला केवढा अभिमान! मलाही वाटतो. आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासात या मुलांना क्वचितच एखादी ओळ मिळते, आणि ते मला मनापासून खुपतं.

१९७२ च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये आले आणि इथल्याच पोरांबरोबर वाजवून गेले. त्या रात्री मामा दुकानात कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. ही एक गोष्ट तो नेहमी एका वाक्यात उरकायचा.

'अॅटॉमिक फॉरेस्ट' त्याचा सर्वांत लाडका बँड. बेस गिटारवर कीथ कांगा, गिटारवर नील चट्टोपाध्याय. गाणारे मधुकर दास, ज्यांना सगळे 'मधू' म्हणत. मामा सांगायचा, "बाकीचे रेकॉर्डसारखं वाजवायचे. हे रेकॉर्ड विसरून वाजवायचे." पण वाजवणं संपलं की ते हवेतच विरायचं. रेकॉर्ड कंपन्यांचा संसार चित्रपटगीतांवर चालायचा. स्वतःची गाणी करणाऱ्या रॉक बँडसाठी स्टुडिओचे तास आणि तबकडी छापायचा खर्च कोण सोसणार? 'सॅव्हेजेस'सारखे थोडे भाग्यवान सोडले तर बहुतेकांची सगळी कारकीर्द ऐकणाऱ्यांच्या कानांतच राहिली.

अॅटॉमिक फॉरेस्टची एकच तबकडी झाली, 'ऑब्सेशन ७७'. नावातच ध्वनिमुद्रणाचं वर्ष आहे. ती बाजारात आली मात्र १९८१ मध्ये. मधल्या चार वर्षांत काय नाही झालं! १९८० मध्ये 'कुर्बानी' आला, १९८१ मध्ये नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने'. ज्यांनी फझ गिटारसाठी जीव टाकला होता ते बँकेत, विमा कंपनीत, आखातात गेले होते. मामाचं लग्न झालं होतं, त्याची मुलगी, आमची ताई, दोन वर्षांची होती. त्यानं ही तबकडी घेतली, दोनदा ऐकली, आणि घरभाडं थकलं तेव्हा इतर तबकड्यांच्या गठ्ठ्याबरोबर विकून टाकली. किती रुपयांना, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

तीस वर्षं ती अशीच जुन्या बाजारांतून फिरत राहिली. मग परदेशातल्या संग्राहकांच्या हाती लागली, त्यांनी एकेका प्रतीला भारी किंमत मोजली, आणि २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीनं तिचं पुनर्प्रकाशन केलं. 'भारतातला सत्तरच्या दशकातला सायकेडेलिक रॉकचा अल्बम' म्हणून लोक ती ऐकू लागले. मला आनंद झालाच. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'ऑब्सेशन ७७' ही या काळाची सुरुवात नाही, ते त्याचं शेवटचं टोक आहे. तिच्या मागे षण्मुखानंदची दुपार आहे, मळवलीचा माळ आहे, ठाकुरद्वारची गच्ची आहे, आणि त्यातलं फारच थोडं तबकडीवर आहे.

२०१२ च्या मे महिन्यात मी त्या पुनर्प्रकाशनाची सीडी घेऊन डोंबिवलीला मामाच्या घरी गेले. मामा बनियनवर, पंखा पाचावर. पहिली गिटार सुरू झाली आणि त्याचा डावा हात मांडीवर आपोआप सुरांच्या जागा शोधू लागला. अर्ध्या तासात तो एक अक्षर बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, "स्टुडिओत एसी असणार गं. गिटार शहाण्यासारखी वागली आहे."

मग स्टूल घेऊन तो माळ्यावर चढला. मिसळणाचा डबा काळवंडला होता, पण त्यावर आजीचं कोरलेलं नाव वाचता येत होतं. मामानं मल्टिमीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी काढून त्यात बसवली, एक सुटलेली वायर डाग देऊन जोडली आणि डबा म्युझिक सिस्टिमला लावला. गिटार तर कधीच गेली होती. त्यानं पिनेच्या टोकाला नुसता अंगठा टेकवला.

स्पीकर असा गुरगुरला की खिडकीतला कावळा उडाला.

"अहो," आतून मामी म्हणाली, "गॅसवर दूध आहे."