पाकिटावरचे पुण्य

दिवाळी जवळ आली की घरोघर एका गोष्टीची खलबते सुरू होतात. मुलांना यंदा काय घ्यायचे? कपडे झाले, फटाके झाले, खेळण्यांनी तर कपाट ओसंडून चालले. अशा वेळी घरातले एखादे समंजस आजोबा सुचवतात, "यंदा मुलांच्या नावाने एखाद्या अनाथाश्रमाला देणगी देऊ या." मोठी माणसे माना डोलावतात; मुले मात्र हिरमुसतात. मला मुलांची बाजू अगदीच खोटी वाटत नाही. वडिलांनी परस्पर दिलेली देणगी आणि मुलाच्या हाती टेकवलेली पावती, यात मुलाचे स्वतःचे असे काय असते? सणाच्या दिवशी दान करायचेच, तर ते मुलाला आपले वाटावे कसे? या कोड्याचे मोठे सुरेख उत्तर पूर्वी डेन्मार्कमधल्या एका पोस्टातल्या माणसाला सुचले होते. त्याची हकीकत सणासुदीला सांगण्यासारखीच आहे.

या गृहस्थाचे नाव आयनार होल्बोल. 1903 सालच्या नाताळात तो टपालाच्या ढिगाऱ्यापुढे बसला होता. शुभेच्छापत्रांचा नुसता पूर लोटला होता. त्या काळी युरोपात क्षयाने घरेच्या घरे ओस पडत. रॉबर्ट कॉखने 1882 साली क्षयाचा जंतू शोधून काढला खरा, पण औषध कोणालाच ठाऊक नव्हते. मोकळी हवा, ऊन, सकस अन्न आणि विश्रांती हाच काय तो उपाय. आणि तो गरिबाच्या मुलाला कुठून मिळावा? होल्बोलच्या मनात आले, या प्रत्येक पाकिटावर टपालाच्या तिकिटाशेजारी आणखी एक चिमुकले तिकीट लागले, आणि त्याचे पैसे आजारी मुलांसाठी बाजूला पडले, तर?

कल्पना राजेसाहेबांना, म्हणजे नववे क्रिश्चन यांना, पसंत पडली. 1904 च्या नाताळात पहिले तिकीट निघाले. त्यावर दिवंगत राणी लुईस हिचे चित्र होते आणि किंमत होती अवघी 2 ओर, म्हणजे तिथले सुटे नाणे. देशाची वस्ती जेमतेम पंचवीस लाखांची. पण पहिल्याच वर्षी चाळीस लाखांवर तिकिटे खपली! माणशी एकाहून अधिक! त्या सुट्या नाण्यांतून कोल्डिंग येथे फ्योर्डच्या काठी मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले आणि 1911 साली त्याची दारे उघडली.

यातली खरी खुबी मला दिसते ती अशी. होल्बोलने सणातला आनंद कुणाकडून काढून घेतला नाही. पत्रे जायचीच होती, ती गेली; मिठाई व्हायचीच होती, ती झाली. दान त्या आनंदाच्या शेजारी जाऊन बसले. शिवाय पाकिटावर तिकीट चिकटवण्याचे काम कुठल्याही घरात लहान हातांकडेच यायचे! ज्याने आपल्या हाताने तिकीट लावले, त्याला आपण काही केले, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

पुढे असे एक तिकीट समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. तिथे जेकब रीस नावाचा मूळचा डॅनिश पत्रकार राहत होता. त्याचे सहा भाऊ क्षयाने गेले होते. गावाकडून आलेल्या पत्रावरचे तिकीट पाहून त्याने 1907 साली एका साप्ताहिकात लेख लिहिला. तो डेलावेअर संस्थानातल्या एमिली बिसेल या बाईंच्या वाचनात आला. ब्रँडीवाइन नदीकाठचे लहानसे क्षयरुग्णालय तीनशे डॉलरांवाचून बंद पडायला आले होते. बाईंनी चाळीस डॉलर उसने घेतले, पन्नास हजार तिकिटे छापली आणि डिसेंबरात विल्मिंग्टनच्या पोस्टात ती एकेका सेंटला विकायला ठेवली. प्रथम खप यथातथाच होता. मग फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राने ते काम उचलून धरले. तिथली एक आठवण पुढे वर्षानुवर्षे सांगितली गेली. वर्तमानपत्रे विकणारा एक फाटका पोरगा कचेरीत आला, टाचा उंचावून त्याने एक सेंट पुढे सारला आणि एक तिकीट मागितले; का, तर त्याच्या बहिणीला तोच आजार होता. त्या हंगामात तीनशेच्या जागी तीन हजार डॉलर जमले.

हे वारे आपल्याकडेही पोचले. भारतीय क्षयरोग संघाची 1939 मध्ये स्थापना झाली आणि 1950 पासून संघाने टी.बी.ची तिकिटे काढण्यास आरंभ केला. दर वर्षी गांधीजयंतीला, 2 ऑक्टोबरला, या मोहिमेचा मुहूर्त होत असे. दोन आडव्या रेघांचा तो तांबडा क्रूस माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. आमच्या वर्गात गुरुजी ती तिकिटे वाटत, आणि आम्ही खाऊच्या पैशांतून ती घेऊन वहीच्या पुठ्ठ्यावर, कंपासपेटीवर, क्वचित दप्तरावरही चिकटवत असू. पाठ्यपुस्तकातला परोपकारावरचा धडा मी केव्हाच विसरलो. ती डिंकाची चव मात्र जिभेवर आहे.

तिकिटांनी क्षय बरा केला, असे मी म्हणणार नाही. तो बरा होऊ लागला 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन हाती आल्यावर आणि पुढच्या औषधांनी. पण औषध येईपर्यंतच्या चाळीस वर्षांत खाटा, परिचारिका आणि दूध ज्यांतून आले, त्यांत या सुट्या नाण्यांचा वाटा होता. डेन्मार्कात ती प्रथा अजून चालू आहे. क्षय हटला, तशी त्या निधीवर चालणाऱ्या घरांत आता एकाकी पडलेल्या, सोबत्यांच्या छळाने खचलेल्या मुलांना आसरा मिळतो. आपल्याकडे मात्र क्षय हटलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे.

तेव्हा आजोबांची सूचना मोडीत काढू नये, एवढेच माझे म्हणणे. फक्त तिची रीत बदलावी. मुलांचा फराळ, त्यांचे कंदील, त्यांची भाऊबीज जशीच्या तशी राहू द्यावी. ओवाळणीच्या पैशांतले चार पैसे कुठे द्यायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि द्यायलाही त्यांनाच न्यावे. रक्कम लहान असेल, निवड आपल्याला वेडगळ वाटेल. एखादी मुलगी गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याचे औषध आणायला निघेल. निघू द्यावे. फिलाडेल्फियाच्या त्या पोराच्या सेंटने रुग्णालयाची एक वीटही आली नसेल. पण तो सेंट त्याचा होता, आणि बहीणही त्याचीच होती.